माहेरचा डॉक्टर

अक्का, परवा तुझा दहावा झाला आणि घरी येऊन मी चांगला तीन तास झोपलो. भरदुपारी, पंखा लावून, घोरत. तुझी भावजय सुमन सांगते, शेजारचे चौकशीला आले होते, त्यांनी दारातूनच माझं घोरणं ऐकलं आणि तसेच माघारी गेले. आता केडगावभर झालं असेल, बहीण जाऊन दहा दिवस नाहीत तोच भाऊ ढाराढूर झोपलाय म्हणून. होऊ दे. गेल्या चार वर्षांत मी असा झोपलो नव्हतो, ते त्यांना कुठं माहीत आहे?

रडलो नाही असं नाही. तुला खांदा दिला तेव्हा तुझ्या पोरानं, सुनीलनं, मला सावरलं. पण खरं सांगू का, आत जे काही आहे त्यात दुःखापेक्षा मोकळं झाल्यासारखं जास्त वाटतंय. ‘सुटली बिचारी’ असं लोक म्हणतात ना, तसलं नव्हे. तसं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. तू काही सुटायला टेकली नव्हतीस, तुला अजून कांदा काढायचा होता. सुटलो मी. कशातून, ते तुला सांगायचं राहिलं, म्हणून लिहायला बसलोय. विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या माणसाचा हात आहे, लिहिण्याची सवय नाही. सांभाळून घे.

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो. ती तुला कधी कबूल केली नाही.

चार वर्षांपूर्वी तुला पहिल्यांदा सावेडीतल्या डॉक्टरांकडं नेलं तो दिवस आठव. तू खुर्चीच्या टोकावर बसली होतीस, पण बोललीस कशी! “डॉक्टरसाहेब, मळ्यातनं घरी येताना दोनदा खाली बसावं लागतंय. उतानं झोपलं की छातीवर कुनी पाय दिल्यावानी हुतं. उठून बसलं की बरं वाटतं.” डॉक्टर भराभरा लिहून घेत होते. तपासणी झाली, ईसीजीच्या पट्ट्या निघाल्या, आणि ते म्हणाले, हृदयाचं पंपिंग कमी झालंय. मी मनात म्हटलं, एवढंच ना? पंप हा तर आपला धंदा आहे. कसला शहाणा होतो बघ.

आणि मग माझं तोंड उघडलं. नगर जिल्ह्यातला माणूस पाच मिनिटांच्या वर समोरच्याला गाव विचारल्याशिवाय राहत नाही, तो आपला रोगच आहे. मी विचारलं, “साहेब, मूळ गाव कोणतं?” निघालं पारनेर तालुक्यातलं, आपल्या ओढ्याच्या पलीकडचं. त्यांच्या आजोबांची आणि आपल्या वडिलांची विहीर एका बांधाला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. म्हटलं, “म्हणजे घरचेच की तुम्ही! ही आपल्या शिवारातली लेक बरं का साहेब. तुमची माहेरवाशीण.” डॉक्टर उठले आणि टेबलाला वळसा घालून तुझ्या पाया पडले. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास. तुझ्या चेहऱ्यात काहीतरी बदललं. मला वाटलं, तुला आनंद झाला. मला वाटलं, आता नंबर लावायला नको, औषधं नीट मिळतील, दोन शब्द जास्त बोलतील. वशिला लागला!

अक्का, त्या मिनिटाला मी तुझं तोंड बंद केलं.

पुढच्या महिन्यात तू पिशवीच भरून आणलीस. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आवळ्याचं लोणचं. डॉक्टर म्हणाले, “आत्या, कसं काय?” आणि तू म्हणालीस, “माझं बरं हाय दादा. तुझी आई कशी हाय? गुडघं दुखत्यात का अजून?” दहा मिनिटांतली सात मिनिटं त्यांच्या आईच्या गुडघ्यांवर गेली. तुझ्या छातीचं नाव नाही. मी कोपऱ्यात उभा राहून हसत होतो.

हे ‘बरं हाय’ मी काय पहिल्यांदा ऐकत होतो? पस्तीस वर्षं भाऊबीजेला तेच ऐकत आलो. सासरी गेलेल्या लेकीनं माहेरच्या माणसाला काही सांगायचं नाही, त्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही, हे तुला आईनं बोळवण करतानाच कानात सांगितलं असणार. आईलाही तिच्या आईनं सांगितलं असेल. तुझ्या सासूनं तुम्हाला वेगळं काढलं तेव्हा तू आणि दाजी आठ महिने गोठ्यात राहिलात. आठ महिने! त्या दिवाळीला मी आलो, तर तू जावेच्या घरात पाट मांडलास, तिची ताटली, तिचं निरांजन, आणि मला ओवाळून, ते तुझंच घर असल्यासारखी वावरलीस. मी लाडू खाऊन, ओवाळणी टाकून खुशाल निघून आलो. मला हे कळलं दाजी गेल्यावर, वीस वर्षांनी, तेही तुझ्या जावेकडून. तुला विचारलं तर म्हणालीस, “जाऊ दे रं, झालं गेलं.”

आणि अशा बाईला मी डॉक्टर गाठून दिला तो माहेरचा.

मग सुरू झाला तो घोळ. सात-आठ महिने तो कुणाच्या ध्यानातच आला नाही. डॉक्टर जुने पेशंट शनिवारी बघायचे. शनिवारी तुमच्या रस्त्यानं शनिशिंगणापूरला जाणाऱ्यांची ही गर्दी. एसटीत उभं राहायला जागा नाही, तास-सव्वा तास आणि वर स्टँडावर वाट बघणं. डॉक्टरांनी तुला पाण्याची गोळी दिलेली, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. ती घेतली की तासाभरात चारदा जावं लागतं. स्टँडावरच्या त्या मुतारीत जायचं म्हणजे बाईमाणसानं डोळे आणि नाक दोन्ही मिटून जायचं. मग तू काय केलंस? शुक्रवारी गोळी बंद, शनिवारी गोळी बंद. चुकूनही वाटेत लागायला नको म्हणून शुक्रवारपासूनच. आणि कुणाला काही बोलली नाहीस.

शनिवारी पाय सुजलेले. डॉक्टर बोटानं दाबून बघायचे, खड्डा पडायचा. “आत्या, गोळी घेता ना?” “घेते की.” मग त्यांनी गोळी वाढवली. रविवारपासून तू ती वाढवलेली गोळी इमानानं घ्यायचीस आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं पाणी निघून जायचं. चक्कर, अंधारी, जिभेला कोरड. पुढच्या महिन्यात तपासणीच्या शनिवारी पुन्हा सुजलेले पाय घेऊन हजर. पुन्हा गोळी वाढली. डॉक्टर त्यांच्या बाजूनं बरोबर, तू तुझ्या बाजूनं बरोबर, आणि मी बाहेर सगळ्यांना सांगतोय की आमचे घरचे डॉक्टर आहेत. तिघांनी मिळून तुला पाडायची तयारी चालवली होती.

पडलीसच तू. तपासणीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला आलीस, तेव्हा सुमन तुझ्या डोक्याला तेल लावत होती. खांद्यावरून पदर सरकला आणि तिला दंडापासून बरगडीपर्यंत काळंनिळं दिसलं. तिनं विचारलं, “वन्सं, हे काय?”

“म्हशीनं ढुसी दिली गं.”

सुमननं तेलाची वाटी खाली ठेवली. “वन्सं, म्हैस विकून दोन वर्षं झाली.”

मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. तुम्ही दोघी एकदम हसायला लागलात. एवढ्या हसलात की मला वाटलं काही विनोद झाला. आणि मग हसता हसता तुझा आवाज फुटला. न्हाणीत तीनदा पडलीस, एकदा चुलीपाशी, एकदा शेजारच्या शेतात, तेव्हा अर्धा तास कुणी आलंच नाही. सगळं सगळं सांगितलंस सुमनला. ती माहेरची नव्हती ना. ती आमच्या घरात आलेली, तुझ्यासारखीच परक्या घरची लेक.

त्या संध्याकाळी सुमननं माझी जी काय काढली! “दुकानात गिऱ्हाईक मोटार घेऊन येतं, ‘नुसतीच बंद पडली’ म्हणतं, तर तुम्ही त्याला दहा प्रश्न विचारता. किती तास चालवली, वास आला होता का, विहिरीत पाणी किती होतं. आणि सख्ख्या बहिणीला एकच प्रश्न, कशी आहेस. त्याचं उत्तर तिनं लग्नाच्या दिवशीच पाठ केलंय.” वर म्हणाली, “उद्या तुम्ही आत यायचं नाही. मी जाणार.”

“मी तिचा सख्खा भाऊ आहे!”

“म्हणूनच बाहेर बसायचं.”

मी चिडलो, अक्का. ताट सारून उठलो. तुला ऐकू गेलं असेलच, भिंती काय जाड आहेत आमच्या! पण सकाळी बाहेर बसलो खरा. बाकड्यावर, एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी. काचेच्या दारातून शब्द कळत नव्हते, पण तुझा आवाज येत होता. थांबतच नव्हता. पंचवीस मिनिटं. बाहेरचे पेशंट चुळबुळ करायला लागले, आणि मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग काहीतरी भलतंच झालं, डोळे भरून आले. तो खोकणारा म्हातारा मला म्हणाला, “घाबरू नका, मोठे डॉक्टर आहेत.” आता त्याला काय सांगू!

आत काय झालं ते सुमननं नंतर सांगितलं. तिनं आधीच डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, यांना तब्येत विचारू नका, काम विचारा. भला माणूस तो, त्याला राग आला नाही. टेबलामागून खुर्ची काढून तुझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “आत्या, भाकरी किती थापता?”

“आदी उभ्यानं बारा थापायची. आता चार झाल्या की पाट घिऊन बसती.”

“चार झाल्यावर काय होतं?”

“डोळ्यापुढं अंधारी येती.”

“रोज?”

“रोज कुठं? गोळी घेतल्या दिशी.”

“आणि न घेतलेला दिवस कोणता?”

तू सुमनकडं बघितलंस म्हणे. मग म्हणालीस, “सुक्कीरवार, सनवार. एसटीत लई पंचाईत हुती दादा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “आत्या, मी इतके महिने तुमच्या एसटीच्या प्रवासाला औषध देतोय.” मग म्हणाले, चूक तुमची नाही, मी विचारलंच नाही. हे ऐकून तुलाच वाईट वाटलं आणि तू त्यांना चटणी देऊन समजूत काढलीस! गोळी कमी झाली. प्रवासाच्या दिवशी ती घरी पोचल्यावर घ्यायची, असं ठरलं. वार बदलून बुधवार केला. आणि सुमननं तुला कॅलेंडर दिलं, रोजच्या चौकोनात एकच आकडा लिहायचा, कितव्या भाकरीला बसलीस तो. सात, सात, सहा, आठ. डॉक्टर आधी ते कॅलेंडर बघायचे, मग फाईल. सुमन रोज फोनवर तुला आकडा विचारायची; एकदा तीन दिवस सलग चार आले, तर डॉक्टरांना तुझा फोन जायच्या आतच तिनं त्यांना कळवलं, आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ टळली.

मी मात्र तीन वर्षं बाकड्यावरच. चहावाला ओळखीचा झाला. रुसवा होता माझा, लपवत नाही. पण तू आठ भाकरींवर आलीस, गणपतीत केडगावला येऊन चार दिवस राहिलीस, माझ्या मोटारींच्या तारांचा पसारा बघून मला शिव्या घातल्यास. त्या तीन वर्षांसाठी मी आणखी दहा वर्षं बाकड्यावर बसलो असतो.

मग या दिवाळीनंतर आकडे उतरायला लागले. पाच. चार. तीन. एक दिवस चौकोन रिकामा. डॉक्टरांनी या वेळी मलाही आत बोलावलं. पुण्याला नेऊन छातीत एक यंत्र बसवता येईल, म्हणाले. मी लगेच उभा राहिलो, गाडी कुणाची सांगायची, दुकान किती दिवस बंद, डोक्यात सगळं सुरू. तू म्हणालीस, “मला न्हाई जायचं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” मी ओरडलो. डॉक्टरांसमोर. शरम वाटते आता.

“बाळू, मला बोलू दे.” मग त्यांच्याकडं वळलीस. “डॉक्टर, ते बसवून मी उठून हिंडंन का?”

त्यांनी तुझी फाईल मिटली. मग म्हणाले, “खात्री देता येत नाही आत्या. दम थोडा कमी होईल कदाचित. थोडे महिने जास्त मिळतील कदाचित. पण किडनी थकलीय, तिकडंच दवाखान्यात अडकूनही पडाल.”

“आन् न्हाई गेलं तर गुदमरून मरंन का?”

मी कानावर हात ठेवणार होतो. कसला प्रश्न हा, आणि किती सरळ. डॉक्टर म्हणाले, “गुदमरू देणार नाही. दम कमी करायचं औषध आहे, ते घरी देता येतं. मी सुनीलला शिकवीन. पण दुखलं, भीती वाटली, तर मला तसंच्या तसं सांगायचं. लपवायचं नाही.”

“आता कशाला लपवू?” म्हणालीस तू. “मग झालं तर. मला माज्या घरी ऱ्हाऊ द्या.”

मी दार आपटून बाहेर आलो. तीन आठवडे तुझ्याशी बोललो नाही. तू फोन करायचीस, मी सुमनच्या हातात द्यायचो. अक्का, त्या भांडणाचा निकाल काही लागला नाही, आणि मी अजून माझ्या बाजूला ठाम आहे. नेलं असतं तर कदाचित पाडवा बघितला असतास तू. वर कुठं असशील तिथं बस बोंबलत, माझं मत बदलणार नाही. ते तीन आठवडे मात्र मी फुकट घालवले. त्याची माफी मागायची राहून गेली. ती आता मागतो.

पण माझ्या दुकानात रोज कुणी ना कुणी येतं. वडील गेले, आई गेली, आणि त्यांचं एकच पालुपद, त्यांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक. नळ्या नको होत्या का त्यांना? घरी यायचं होतं का? आम्ही बरोबर केलं का? दहा दहा वर्षं झाली तरी ते तिथंच गोल गोल फिरत असतात. मला ते फिरावं लागणार नाही. तुला काय हवं होतं ते तू डॉक्टरांना सांगितलंस, माझ्या देखत, माझ्या नाकावर टिच्चून. मला मान्य नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण माझ्याकडं शंका म्हणून काही उरली नाही. परवा दुपारी झोप लागली ती यामुळं. शेजाऱ्यांना हे कसं समजवायचं, तूच सांग.

आता त्या शेवटच्या सकाळचं. सुनीलचा फोन आला आणि आम्ही दोघं मोटरसायकलवरूनच निघालो. मी खोलीत आलो तेव्हा तू लोडाला टेकून बसली होतीस आणि फोनवर डॉक्टरांशी स्वतः बोलत होतीस. थांबत थांबत. “कालच्यापक्षी जास्ती हाय. पाठ टेकवत न्हाई. आन् भ्या वाटतंय.” कुणाच्या आईचे गुडघे नाहीत, काही नाही. त्यांनी सांगितलेलं औषध सुनीलनं तुझ्या जिभेखाली दिलं. अर्ध्या तासानं धाप उतरली, खांद्यांची ओढाताण थांबली. त्या माणसानं शब्द पाळला, अक्का. तू गुदमरली नाहीस. मी तिथंच होतो, मी बघितलंय.

मी कॉटजवळ आलो आणि माझं नेहमीचं सुरू केलं. “काही होत नाही तुला. चार दिवसांत उठून बसशील.”

“गप बस बाळू,” तू म्हणालीस. “मी आज जानार हाय. मला ठावं हाय.”

मी गप्प बसलो. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा तुझं ऐकलं असेल. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करायला बघत होतं, तो लागत नव्हता, आणि माझं मन तेवढ्यातही म्हणत होतं, बॅटरी उतरलीय. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलीस. मग डोळे न उघडताच म्हणालीस, “भ्या वाटतंय रं. माजा हात धर.”

धरला. दुपारी तीनपर्यंत धरून बसलो. मधे सुमननं चहा आणला, तो डाव्या हातानं प्यालो. पस्तीसहून जास्त दिवाळ्या मी तुझ्या दारात साड्या घेऊन आलो असेन, आणि तू प्रत्येक वेळी म्हणालीस, कशाला आनलीस, मला काय कमी हाय? माझ्याकडं तोंड उघडून तू काही मागितलंस ते हे पहिलं. आणि ते माझ्याजवळ होतं, अक्का.